हस्कीसाठी घेतलेला अंडरकोट रेक : पाचपैकी चार स्टार

अंडरकोट म्हणजे कुत्र्याच्या वरच्या केसांखालची दाट लोकर, ती विंचरून काढायचा हा रेक. नावाला रेक, दिसायला शेतातलं दाताळंच, फक्त मुठीत मावणारं. ऑनलाइन ६५० रुपयांना पडला. स्टीलचे लांब दात दोन ओळींत, टोकं बोथट, मूठ लाकडी. पहिल्या दिवशी ओसरीत बसून आमच्या हस्की कुत्रीला, बर्फीला, अर्धा तास विंचरलं, तर शेजारी दुसरं कुत्रं येऊन बसावं एवढा ढीग झाला. मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, मागाखाली साचणारा कापूस रोज बघतो. ही लोकर त्याहून मऊ आणि उडायला दुप्पट. आई म्हणाली, "घरात माग बसवलास की काय?"

बर्फी आम्ही विकत घेतलेली नाही. ओळखीतल्या एका पोरानं ती मागच्या वर्षी जानेवारीत घेतली, सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा. हवेत गारवा, पिल्लाचे निळे डोळे, रील्स टाकायची हौस. "कूलर असला की झालं," असं दुकानदार म्हणाला म्हणे. पिल्लू पाच आठवड्यांचं होतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही हा नियम २०१७ पासून आहे. पोराला माहीत नव्हता, दुकानदाराला असणार.

पहिला उन्हाळा कसाबसा निघाला. दुसऱ्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वीस किलोचं जनावर होतं. सायबेरियातल्या चुकची लोकांनी ही जात बर्फावरून गाडी ओढायला घडवली, मैलोन् मैल पळणं हेच तिचं काम. इथं पळायला गॅलरी! मग बर्फीनं सोफा फाडला, गॅलरीची जाळी कुरतडली. हस्की भुंकते कमी, हेल काढून रडते जास्त. घरमालकानं खोली सोडायला सांगितलं. त्यात केस. डब्यातल्या भाजीतसुद्धा. शेवटी पोरानं गार वाटेल म्हणून मशीननं तिची पाठच भादरली. आमचे डॉक्टर हे ऐकून चिडलेच. ते दुहेरी केस ऊनही अडवतात, आणि भादरल्यावर पूर्वीसारखे येतीलच असं नाही. पाठीवरचा एक पट्टा अजून खुरटा आहे, तिथं मी रेक फिरवत नाही.

मेमध्ये पोरगा तिला आमच्याकडे सोडून गेला. मला राग आला होता. चौथ्या दिवशी ती फाटकाखालची माती उकरून पळाली आणि शेजारच्या दोन गावठी कोंबड्या मारल्या. त्यांचे ८०० रुपये पोरानं भरले, तेव्हा राग जरा उतरला. आता फाटकाखाली फरशी बसवली आहे. घंटागाडीचं गाणं लागलं की ती सूर लावते, त्यावर मात्र इलाज नाही.

तर रेक. आतली मेलेली लोकर निघते, वरचे लांब केस शाबूत राहतात, अंगाला हवा लागते. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे सारखी अंघोळ परवडत नाही. कोरडं विंचरूनच भागवतो. पण पारा ४३ वर गेला की रेक काय करणार? फिरवायचं पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर, तेही डांबरावर तळहात टेकून बघून. दुपारभर ती पंख्याखाली शहाबादी फरशीवर पसरलेली. ओला टॉवेल पांघरू नका, आत ऊब कोंडते. तो खाली अंथरा, पोट आणि पंजे भिजू द्या.

एक स्टार मुठीसाठी कापला. दोन महिन्यांत स्क्रू ढिला झाला. कानामागच्या गुठळ्यांवर ओढायला जाऊ नका, त्या आधी बोटांनी सोडवाव्या लागतात. गल्लीतल्या आखूड केसांच्या मोत्यासाठी तर घेऊच नका, कातडी ओरबाडेल.

या महिन्यात आणखी दोघांनी विचारलं, "आमची हस्की ठेवता का?" दोघांनाही रेकची लिंक आणि पहाटे पाचची वेळ पाठवली. एकानं रेक मागवला. दुसरा फोन उचलत नाही.