डेंटल असिस्टंटच्या मुलींना शिकवायला घेतलेलं जबड्याचं मॉडेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

दादरच्या एका दातांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं चेअरसाइड असिस्टंट आहे, म्हणजे उपचार चालू असताना खुर्चीशेजारी राहून डॉक्टरांना मदत करते. सुट्टीच्या दिवशी असिस्टंटच्या कोर्सच्या मुलींना दातांची आणि तोंडाची रचना शिकवते. मुली विरार, बदलापूर, पनवेलहून येतात, आणि बहुतेकींचा सायन्सशी संबंध दहावीनंतर सुटलेला असतो. फळ्यावरच्या आकृतीतून परीक्षेपुरतं येतं, पण चेअरजवळ उभं राहिल्यावर त्यातलं फारसं हाताशी राहत नाही. म्हणून पावसाळ्याच्या आधी प्रिन्सेस स्ट्रीटच्या भागातल्या सर्जिकलच्या दुकानातून दोन वस्तू घेतल्या. एक, दात सुटे होणारा पूर्ण जबडा, ज्याला टायपोडॉन्ट म्हणतात. दुसरी, मधून उघडणारी मोठी दाढ. दोन्हींवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. साधारण अशाच वस्तू बऱ्याच डेंटल डेपोत मिळतात, त्यामुळे हा अनुभव त्या सगळ्यांना थोडाफार लागू पडावा.

माझं मत आधीच सांगते. जबडा जरूर घ्या. मोठी दाढ नाही घेतली तरी चालेल, आणि घेतलीच तर तिच्यात काय चुकीचं दाखवलंय ते मुलींना पहिल्याच दिवशी सांगा.

जबड्यात ३२ दात असतात आणि प्रत्येक दात मागून स्क्रूने बसवलेला असतो. सगळे दात काढून, मिसळून, परत जागेवर लावायला सांगितलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुलींची नजर तयार होते. पटाशीचे दात आणि सुळे लगेच ओळखतात. अडतं ते उपदाढांवर, आणि डाव्या-उजव्या दाढांवर. वरच्या पहिल्या दाढेला टाळूच्या बाजूला कधीकधी एक छोटा जादा उंचवटा असतो, त्याला काराबेलीचा कस्प म्हणतात. आमच्या मॉडेलमध्ये तो नीट उठवलेला आहे. एकदा तो बोटाला लागला की सोळा आणि सव्वीस नंबरची, म्हणजे वरच्या उजव्या आणि डाव्या पहिल्या दाढेची, अदलाबदल होत नाही, कारण तो नेहमी टाळूकडे आणि पुढच्या अंगाला असतो.

नंबरांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मॉडेलचा सर्वांत जास्त उपयोग तिथे झाला. आपल्याकडे दवाखान्यात एफडीआयची (जागतिक दंत महासंघाची) दोन आकडी पद्धत चालते. पहिला आकडा तोंडाच्या चौथाईचा: पेशंटची वरची उजवी १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागे मोजायचा. म्हणून डॉक्टर 'फोर सिक्स' म्हणाले की खालची उजवी पहिली दाढ. मुली घरी जाऊन यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघतात, आणि तिकडे वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ ते ३२ असे सलग नंबर असतात. तिकडचा १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ आणि आपला १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. ब्रिटनच्या डेंटल नर्सिंगच्या पुस्तकांत पामरची चौकटवाली पद्धतही भेटते. मी मॉडेलच्या हिरडीवर चिकटपट्टी लावून फक्त एफडीआयचे नंबर लिहिले आणि कोर्स संपेपर्यंत दुसरी पद्धत शिकवायची नाही असं ठरवलं. एक्स-रे काढताना किंवा केसपेपरवर लिहिताना चुकीचा नंबर पडला तर त्याचा त्रास पेशंटला होतो. त्यात दोन पद्धतींची सरमिसळ मला अजिबात नको.

मॉडेल टेबलावर समोर ठेवून शिकवू नका. पेशंट चेअरवर आडवा असतो. डॉक्टर उजव्या हाताने काम करणारे असतील तर ते पेशंटच्या उजवीकडे बसतात आणि आपण डावीकडे. म्हणजे २ आणि ३ नंबरची चौथाई आपल्या हाताजवळ, १ आणि ४ पलीकडे. मी जबडा उशीवर आडवा बांधते, तोंड छताकडे, आणि मुलीला तिच्या खऱ्या जागी स्टूलवर बसवून विचारते: तीन-सात कुठे? सक्शन (लाळ-पाणी ओढणारी नळी) कुठून येणार? समोरून पाठ केलेल्या मुली इथे गोंधळतात आणि आठवडाभरात सुधारतातही. हे फळ्यावर शिकवणं मला कधीच जमलं नसतं.

आता त्रुटी. पहिली आणि सगळ्यांत मोठी: या जबड्यातल्या दातांना खरी मुळं नाहीत. हिरडीच्या वर दात सुरेख आहे, खाली मात्र स्क्रू बसवायचा सरळ खुंट. सगळ्या दातांना सारखाच. मुळं ही असिस्टंटला लागणारी गोष्ट नाही असं दुकानात मला ऐकवलं गेलं, ते मला मुळीच पटलेलं नाही. एक्स्ट्रॅक्शनचा, म्हणजे दात काढायच्या हत्यारांचा, ट्रे कोण लावतं? वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. म्हणूनच वरच्या दाढांचे फोर्सेप (दात काढायचे चिमटे) उजवे आणि डावे वेगळे येतात: ज्या चोचीला टोक असतं ती गालाच्या बाजूला, त्या दोन मुळांच्या फटीत बसते. खालच्या दाढेला पुढे एक आणि मागे एक अशी दोन मुळं, त्यामुळे त्या फोर्सेपच्या दोन्ही चोचींना टोक असतं आणि तोच दोन्ही बाजूंना चालतो. हे समजलेली मुलगी फोर्सेप पाठ करत नाही, हातात घेऊन ओळखते. शेवटी मुळं असलेल्या प्लॅस्टिकच्या दातांचा सेट वेगळा घ्यावा लागला. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच एक दात उपसून खाली काय आहे ते बघा. मुळांचा सेट असेल तर वरच्या पहिल्या उपदाढेला दोन मुळं दाखवली आहेत ना, तेही तपासा. बहुतेक वेळा ती दोन असतात, आणि स्वस्त सेटमध्ये ती एकच करून टाकलेली दिसते.

मोठ्या दाढेकडे वळते. ती उघडली की बाहेरचं पांढरं इनॅमल, त्याच्या आतलं तपकिरी डेंटिन आणि मधल्या पोकळीत लाल, निळी, पिवळी अशा तीन जाड नळ्या. पहिल्या दिवशी मुलींना फार आवडते. अडचण नंतर येते. आरसीटीच्या (रूट कॅनलच्या) वेळी ताज्या उघडलेल्या दातात त्या नळ्या शोधायला लागतात, आणि तिथे असतो मऊ, गुलाबीसर मगज, ज्यात रक्तवाहिन्या आणि नसा बारीक जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. दुसरं, या मॉडेलमध्ये इनॅमलचा थर वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा आहे. खरं इनॅमल दाढेच्या टोकांवर सुमारे अडीच मिलिमीटर असतं आणि दाताच्या मानेकडे, म्हणजे हिरडीजवळ, येता येता सुरीच्या धारेइतकं पातळ होतं. ते थोडं पारदर्शकही असतं, आतल्या डेंटिनचा पिवळेपणा त्यातून दिसतो. म्हणून निरोगी दातही मानेशी पिवळसर असतो. रिसेप्शनला उभी असलेली असिस्टंट पेशंटला हे एका वाक्यात सांगू शकली पाहिजे, कारण 'मॅडम, घासूनही पिवळेच राहतात' हा प्रश्न रोज येतो आणि लोक आणखी जोरात घासायला लागतात.

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. ते बनवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत संपून जातात, म्हणून झिजलेलं इनॅमल शरीर नव्याने बनवत नाही. डेंटिनमध्ये खनिज साधारण ७० टक्के, आणि त्यात मगजाकडे जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या. त्या नळ्यांतला द्रव हलला की कळ येते. मूळ झाकणारं सिमेंटम आमच्या मॉडेलमध्ये दाखवलेलंच नाही, आणि मूळ हाडाला धरून ठेवणारा पेरिओडॉन्टल लिगामेंटचा जेमतेम ०.२ मिलिमीटरचा थरही नाही. पुस्तकात दिलेलं असतं की सुमारे दहा टक्के दातांमध्ये इनॅमल आणि सिमेंटम एकमेकांना भेटतच नाहीत, मध्ये डेंटिन उघडं राहतं. हिरडी सरकलेल्या पेशंटच्या दातांच्या मानेवर थ्री-वे सिरिंजने (हवा-पाणी मारायच्या नळीने) हवा मारणारी आपणच असतो. कुठे मारू नये हे ज्या मुलीला रचनेतून कळलंय तिला डॉक्टरांनी ओरडून सांगावं लागत नाही.

जबड्यात जीभ नाही, गाल नाहीत, लाळ नाही. याचा दोष मी मॉडेलला देत नाही, पण शिकवणाऱ्याने ही जागा भरलीच पाहिजे, कारण असिस्टंटचं निम्मं काम दातांपेक्षा या मऊ भागाशी असतं. मी प्रत्येकीला एक आरसा, टॉर्च आणि कापूस देते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आत एक बारीक उंचवटा असतो. तो भाग कापसाने कोरडा करायचा, जिभेवर लोणच्याची छोटी फोड ठेवायची आणि आरशात बघत राहायचं. थोड्याच वेळात त्या टोकावर लाळेचा थेंब फुगून येतो. ते कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीच्या नळीचं तोंड. मग जीभ वर करून खालच्या पुढच्या दातांमागे बघायचं. जिभेखालच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना तसेच दोन उंचवटे असतात, तिथे सबमँडिब्युलर (जबड्याखालची) ग्रंथी उघडते. आता विचारा की स्केलिंगला (दात साफ करताना) सगळ्यात जास्त टार्टर, म्हणजे दातांवर घट्ट झालेला थर, कुठे सापडतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडून. मुली स्वतःच उत्तर देतात, आणि कॉटन रोल नेमके तिथेच का ठेवायचे हेही परत सांगावं लागत नाही.

त्याच आरशात कठीण टाळू संपून मऊ टाळू कुठे सुरू होतो ते दाखवते. 'आ' म्हटलं की हलतो तो मऊ. सक्शनचं टोक त्याला किंवा जिभेच्या मुळाला लागलं की पेशंटला उमासा येतो. इम्प्रेशनच्या (दातांचं माप घ्यायच्या) ट्रेला पुढे मध्यभागी खाच का असते, तर ओठाचा पडदा तिथे असतो म्हणून. मॉडेलचा बिजागरीचा जबडा फक्त वर-खाली होतो. कानापुढे बोटं ठेवून तोंड मोठं उघडलं तर सांधा पुढे सरकतोय हे लगेच कळतं, आणि लांब अपॉइंटमेंटमध्ये पेशंटला मधे तोंड मिटू का द्यायचं तेही समजतं.

दुधाच्या दातांचं मॉडेल वेगळं घ्यावं लागतं, आणि माझ्या मते ते घ्यावंच. २० दात, नंबर ५१ ते ८५ (चौथाईचे आकडे ५ ते ८, दर चौथाईत पाच दात), उपदाढा नाहीत. दुधाच्या दाढा पडतात तिथे उपदाढा येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ मात्र कुठलाही दात न पडता सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी 'पडणारच आहे ना' म्हणून सोडून देतात. दोन मॉडेलं शेजारी ठेवून ती दाढ दाखवली की आईवडिलांना तिथल्या तिथे पटतं. आमच्या डॉक्टरांनी त्यासाठी एक मॉडेल आता ओपीडीच्या टेबलावरच ठेवलंय.

टिकाऊपणाचं थोडक्यात. हिरडी सिलिकॉनची घ्या, कडक प्लॅस्टिकची नको. तरीही खालच्या पुढच्या दातांजवळ ती फाटायला लागली आहे, कारण तिथे पट्टी अगदी अरुंद आहे. स्पिरिटने पुसल्यावर हिरडी चिकट झाली, तेव्हापासून साबणाचं पाणी आणि मऊ कापड एवढंच. जुलैच्या दमट हवेत काही स्क्रूंना गंज धरला. दात बाहेर काढून नीट कोरडे केल्याशिवाय डबा बंद करू नका, आणि जादा स्क्रू दुकानातूनच मागून घ्या. मॉडेल ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालायचं नाही.

काढलेले खरे दात शिकवायला उत्तम, मुळांची वळणं त्यांच्याइतकी कुठल्याही प्लॅस्टिकमध्ये नसतात. पण तो जैववैद्यकीय कचरा आहे. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय आणि निर्जंतुक केल्याशिवाय हात लावू देऊ नका. अमाल्गम (पारा असलेलं चांदीसारखं फिलिंग) भरलेला दात तर ऑटोक्लेव्हमध्ये अजिबात नको, पाऱ्याची वाफ होते.

जबडा मला दोन हजारांच्या आसपास पडला, मुळांचा सेट वेगळा. एकट्या विद्यार्थिनीने एवढा खर्च करायची गरज नाही, चार-पाच जणींनी मिळून घ्या आणि आळीपाळीने घरी न्या. फोनवरची थ्री-डी ॲप्स लोकलमध्ये उजळणीला बरी आहेत, पण त्यात दात उलटा धरून बोटाने ओळखता येत नाही. क्लास चालवणाऱ्यांनी मात्र जबडा, मुळांचे दात आणि दुधाच्या दातांचं मॉडेल ही तिन्ही घ्यावीत. मोठ्या दाढेचे पैसे वाचवून त्यात प्रत्येकीसाठी माऊथ मिरर आणि टॉर्च घ्या.