सिंगल सुपर फॉस्फेट: भाताच्या एका हंगामानंतर

आमची खाचरं मुरबाड तालुक्यात, टेकडीच्या उताराला. लावणीला आजवर डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) हेच खत पडायचं. यंदा मातीच्या तपासणीत स्फुरद (फॉस्फरस) कमी निघालं आणि ऐन वेळी दुकानात डीएपी नव्हतं, म्हणून दाणेदार सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे आमचं ‘सुपर’, आणलं. आता भात झोडून झालं, तेव्हा लिहितो.

आधी हिशेब. डीएपीत ४६ टक्के स्फुरद, सुपरमध्ये १६. हेक्टरी १००:५०:५० किलो (नत्र, स्फुरद, पालाश) ही मात्रा धरली तर एकराला २० किलो स्फुरद लागतं. म्हणजे सुपरच्या ५० किलोच्या अडीच गोण्या, डीएपीची एकसुद्धा पुरती नाही. बांधावरून डोक्यावर ओझं न्यायचं असेल तर हा फरक मानेला कळतो. डीएपीतलं १८ टक्के नत्रही सुपरमध्ये नसतं, तेवढा युरिया वाढवावा लागतो. बदल्यात ११ टक्के गंधक आणि कॅल्शियम मिळतं.

सगळ्यात ठळक फरक रोपवाटिकेत दिसला. सुपरच्या वाफ्यातली रोपं उपटताना मुळांचा झुपका हाताला लागत होता. न टाकलेल्या वाफ्यातली खुजी, पानं ताठ आणि गडद हिरवी. नवख्याला ती गडद पानं तब्येतदार वाटतील, पण स्फुरद कमी पडल्याची ती खूण. लावणीनंतर फुटवेही सुपरच्या खाचरात आधी आले आणि आमचं कर्जत-३ हे हळवं (लवकर तयार होणारं) वाण तिथे लवकर निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर आल्या.

मग पिकलं किती? खाली पाणथळ जागेतलं एक खाचर मुद्दाम बिनस्फुरदाचं ठेवलं होतं. तिथलं भात कमी भरलं, पण फुटवे बघून वाटलं होतं तेवढं नाही. आपल्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात. चिखलात पाणी साचलं, हवा तुटली, की लोहाचं रूप बदलतं आणि अडकलेलं स्फुरद बरंचसं सुटतं. भाताला ही फुकटची मदत मिळते. भातानंतरच्या वालाला नाही. वरच्या खाचरांत पाणी ठरत नाही, तिथे मात्र सुपरने पैसे वसूल करून दिले.

टाकायचं ते चिखलणीलाच, सगळं एकदम. स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नाही, त्यामुळे युरियासारखे हप्ते पाडण्यात अर्थ नाही. गोणी फोडली की संपवा, जूनच्या दमट हवेत दाण्यांची ढेकळं होतात. आणि ‘जास्त टाकलं की जास्त पिकतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका: स्फुरद फार झालं की पिकाला जस्त कमी पडतं, पानांवर तांबूस ठिपके येतात.

ओळीत लावणी करणाऱ्यांना युरिया-डीएपीच्या गोळ्या बऱ्या, चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये एक खोचायची. आमच्याकडची लावणी वेडीवाकडी, तिथे ते जमत नाही. पुढच्या खरिपात रोपवाटिकेला आणि वरच्या खाचरांना सुपरची पूर्ण मात्रा, खालच्या पाणथळीला निम्मी.