चामखीळ सांगून जाळलं, ३६,६५० रुपये घेतले

स्किन क्लिनिकमध्ये मशीनने जाळायच्या सहा सिटिंगचे ३३,००० आणि क्रीमचे ३,६५०. एवढं मोजून मुलीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना काळे डाग, आणि चार महिन्यांत त्याच गाठी परत वर!

त्या चामखिळी नव्हत्याच. ट्रायकोएपिथेलिओमा होता, केसांच्या मुळाशी निगडित, कॅन्सर नसलेल्या गाठी. २ ते ५ मिलिमीटरच्या, घट्ट, त्वचेच्याच रंगाच्या, नाकाशेजारच्या घडीत दोन्हीकडे सारख्या.

पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. काउंटरवरची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमच्याही नाकाजवळ आहेत की! दोघींचं पॅकेज करू, डिस्काउंट देते." तिथेच उठायला हवं होतं. मायलेकींना त्याच जागी, वर्षानुवर्षं तशाच गाठी म्हणजे हे आनुवंशिक, मुलांत उतरायची शक्यता निम्मी. पण दहावीतल्या पोरीला वर्गात 'पुळ्यावाली' म्हणतात, तेव्हा कुठली आई चौकशा करत बसते? समोर पांढरा कोट होता, मशीन होतं. विश्वास ठेवला.

बायोप्सीशिवाय, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, चेहऱ्याला मशीन लावू देऊ नका. जागा बधिर करून 'पंच' नावाच्या गोल पात्याने ३-४ मिलिमीटरचा खोलवरचा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो. वरवर खरवडलेला तुकडा पुरत नाही. बेसल सेल कार्सिनोमा हा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली याच्यासारखाच दिसू शकतो आणि फरक ओळखायला खालचा थर लागतो. जाळून टाकलं की तपासायला काही उरतच नाही. आम्हाला बायोप्सीचे नंतर दुसरीकडे १,८०० लागले. आधी केली असती तर?

पोलीस म्हणाले, ग्राहक आयोगात जा. एका कार्यालयात सांगितलं, मशीन लावणारा नोंदणीकृत डॉक्टरच नाही, मग आमच्याकडे कशाला आलात? दुसऱ्या टेबलावर बिल बघून म्हणाले, यावर 'स्किन केअर सर्व्हिस' लिहिलंय, हे उपचारात बसत नाही. म्हणजे डॉक्टर नसलेल्या माणसाने लेकराचा चेहरा भाजायचा आणि त्याला विचारणारं कुणीच नाही? तीन चकरा, तीन अर्ज, पोच एकाचीच.

बिलावर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि प्रक्रियेचं नाव लिहून घ्या. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही.

'कायमचं घालवतो' म्हणणारा खोटं बोलतो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरने गाठी सपाट होतात, पण मूळ खोल असल्याने परत येतात. आपल्या त्वचेवर डाग पडतात, म्हणून आधी कानाजवळ एकाच गाठीवर करून बघायला सांगा. एकटीच गाठ असेल तर कापून काढतात. आणि गालांवर लालसर पुटकुळ्या, अंगावर जन्मापासून पांढरे चट्टे, फिट्स असतील तर तो अँजिओफायब्रोमा असू शकतो, म्हणजे मेंदूवरही परिणाम करणाऱ्या आजारातल्या गाठी. त्याला सिरोलिमस या औषधाचं मलम आहे, पण आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.