सकर घ्यायचाय? मग कोणता?

शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन ‘टाकीची काच साफ ठेवायला एक सकर मासा द्या’ म्हटलं की बोटाएवढं ठिपकेदार पिल्लू पिशवीत घालून हातात ठेवतात. स्वस्त असतं, टाकीत सोडल्याबरोबर काचेला चिकटतं, घरातली पोरं खूश. हे पिल्लू बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस वंशातलं असतं, म्हणजे ॲमेझॉनकडचा साधा सकर. शेजारच्या टाकीत थोड्या जास्त पैशांत ब्रिसलनोज मिळतो, शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस. तोही दक्षिण अमेरिकेतलाच. लहानपणी दोघं इतके सारखे दिसतात की गफलत तिथेच होते.

ओळखायचं कसं? पाठीवरचा पर बघा. साध्या सकराचा शिडासारखा उंच आणि लांब पसरलेला असतो, ब्रिसलनोजचा त्या मानाने आखूड.

आता मुद्द्याचं. साधा सकर दीड फुटाच्या आसपास वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आपल्याकडची नेहमीची 2 बाय 1 बाय 1 फुटाची टाकी जेमतेम 55 लिटरची. त्यात तो नीट वळूसुद्धा शकत नाही. माझा सकर वीतभर झाला तेव्हापासून रात्री रोपं उपटायचा. सकाळी पाणी गढूळ आणि तळाला दोऱ्यासारख्या विष्ठेचा गुंता. शिवाय ज्या शेवाळासाठी आणला, ते खाण्याचा उत्साह वयाबरोबर आटतो. त्याला मग गोल्डफिशसाठी टाकलेले दाणेच जास्त आवडतात. कधीकधी गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थरही चोखतो, आणि त्या जागी जखमा होतात.

ब्रिसलनोज पाच-सहा इंचांवर थांबतो. अडीच-तीन फुटांच्या टाकीत सुखाने राहतो आणि मोठा झाल्यावरही शेवाळ खरवडतो. फक्त शेवाळावर मात्र दोघांनाही ठेवू नका. रात्री दिवा बंद करून काकडीची किंवा दुधीची चकती तळाला ठेवा, सकाळी सालीचं कडं तेवढं उरतं. टाकीत लाकडाचा एक तुकडा हवाच. नराच्या नाकाडावर फांद्या फुटलेल्या मिशा येतात, मादीला नसतात किंवा कडेला थोड्याशा असतात. मादी बिळात केशरी अंड्यांचा घोस घालते आणि नर आत बसून पंखांनी वारा घालत त्यांची राखण करतो. बघायला फार मजा येते, पण जोडी आणलीत तर पिल्लं कोणाला द्यायची ते आधी ठरवा. दोन नर लहान टाकीत ठेवू नका, भांडतात.

टाकी खूपच लहान असेल तर ओटोसिंक्लस नावाचा छोटा सकर. दीड इंचाचा जीव, पण पाच-सहा लागतात आणि नव्या, शेवाळ नसलेल्या टाकीत उपाशी मरतात.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको (हाही एक सकरच) शेवाळासाठी घ्यायचाच नसतो, तो मुख्यतः मांसाहारी. ब्राझीलच्या शिंगू नदीच्या एका टप्प्याबाहेर तो कुठेही नाही. तिथे बेलो मोन्ते धरणाने पाणी वळवलंय. ब्राझीलमधून त्याची निर्यात बंद आहे, म्हणून ‘नदीतून पकडलेला’ असं कोणी सांगितलं तर घेऊ नका.

माझं मत विचाराल तर अडीच-तीन फुटांच्या घरगुती टाकीला एक ब्रिसलनोज. साधा सकर फक्त 400 लिटरच्या वर टाकी असणाऱ्याने घ्यावा.

आणि तो आधीच घरी वाढत असेल तर? नदीत सोडू नका. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर तो वर येऊन हवा गिळतो आणि ती पोटातून शोषतो, त्यामुळे घाण पाण्यातही तगतो. काठात बिळं पोखरतो, अंगावरच्या कडक पत्र्यांनी जाळी फाडतो. भीमेवरच्या उजनी जलाशयातही तो पोचलाय. दुकानदार परत घेतो का विचारा, नाहीतर मोठी टाकी असलेला कोणी शोधा.

घेताना जाळीने पकडू देऊ नका, परांचे काटे जाळीत अडकतात. डबा पाण्यात बुडवून मासा त्यात घ्यायला सांगा.