व्हान्झे परिषदेचं घर, बर्लिन: इतिवृत्त वाचायला वेळ ठेवा

बर्लिनमध्ये दोनच दिवस असले तरी त्यातला अर्धा दिवस इथे द्यावा. एस-बान म्हणजे उपनगरी रेल्वेच्या १ किंवा ७ क्रमांकाच्या गाडीने व्हान्झे स्टेशन, तिथून ११४ नंबरची बस. एबी झोनचं तिकीट पुरतं, प्रवेश मोफत.

तळ्याकाठच्या या बंगल्यात २० जानेवारी १९४२ रोजी नाझी राजवटीचे १५ अधिकारी जेमतेम दीड तास बसले. निमंत्रणातच नंतरच्या न्याहारीचा उल्लेख आहे. त्यांच्यातले निम्म्याहून अधिक डॉक्टरेट झालेले होते. ज्यूंच्या संहाराचा निर्णय इथे झाला असं समजून बरेच जण येतात. ते बरोबर नाही. सोव्हिएत भागात गोळ्या घालणं १९४१ च्या उन्हाळ्यापासूनच सुरू होतं. इथे झाला तो खात्याखात्यांतला मेळ.

म्हणून खोल्या भराभर पाहू नका, १५ पानी इतिवृत्तापाशी थांबा. सहाव्या पानावर ज्यूंचे देशवार आकडे आहेत: इंग्लंड ३,३०,०००, आयर्लंड ४,०००, अल्बानिया २००. दोनशे माणसंही कुणीतरी मोजून घेतली होती. ‘ठार मारणं’ हा शब्द कुठेच नाही. ‘स्थलांतर’ आहे, ‘योग्य ती वागणूक’ आहे. पुढची पानं वाचताना अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक जण फक्त आपलं खातं सांभाळतोय. चार वर्षांच्या आर्थिक योजनेच्या खात्याचा न्यूमान म्हणतो, युद्धाच्या कारखान्यांतले ज्यू बदली मजूर मिळेपर्यंत हलवू नका. व्याप्त पोलंडच्या प्रशासनातला ब्यूलर म्हणतो, सुरुवात आमच्या भागातून करा, तिथे वाहतुकीची अडचण नाही. मिश्र वंशाच्या लोकांबाबत गृहखात्याच्या श्टुकार्टला न संपणाऱ्या कागदी कामाची काळजी, म्हणून त्याचा उपाय सक्तीची नसबंदी. ‘हे करायचंच का?’ असं विचारल्याची एकही नोंद नाही. साधी शिकलेली माणसं अशा कामात कशी ओढली जातात, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारा कागद क्वचितच सापडेल.

उणीव एकच, पण मोठी. भर टेबलाशी बसलेल्या माणसांवर आहे. बंदूक हातात धरणाऱ्यांचं मन इथे पुरतं उलगडत नाही. हॅम्बुर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस तुकडीला जुलै १९४२ मध्ये पोलंडमधल्या युझेफुव गावी, तिथल्या ज्यूंना गोळ्या घालण्याआधी, कमांडरनेच माघार घेण्याची मुभा दिली होती. सुमारे ५०० जणांतून त्या क्षणी डझनभरच पुढे आले. त्या पोलिसांबद्दल वेगळं वाचावं लागेल.

मजकूर जर्मन आणि इंग्रजीत आहे, आणि भरपूर आहे. अडीच तास धरा.