पद्मिनीची काच: जुनं मशीन की नवं?

माझ्या १९८५च्या प्रीमियर पद्मिनी गाडीची ड्रायव्हरकडची काच गेल्या पावसाळ्यात सिग्नलवरच धाडकन दाराच्या पोटात गेली. गॅरेजवाल्याने दार न उघडताच निकाल दिला, "मशीन गेलं, नवं टाका." मशीन म्हणजे हँडल फिरवलं की काच वर-खाली करणारी दारातली यंत्रणा. घरी येऊन डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढलं, तर मशीन ठणठणीत. काचेचा तळ धरून ठेवणारं चॅनेल (पत्र्याची पट्टी) तेवढं सुटलं होतं.

म्हणून आधी दुखणं ओळखा. हँडल नुसतंच फिरतंय? बहुधा हँडलचेच दाते झिजलेत, मशीनला हात लावू नका. काच जड जातेय? काच ज्यातून सरकते ते दोन्ही बाजूंचं फेल्ट (मऊ अस्तर) वाळून कडक झालंय. ते बदला, सिलिकॉन स्प्रे मारा. तिथे ग्रीस लावलंत तर धूळ चिकटून आणखी जड होईल. मात्र काच तळहाताने खाली दाबल्यावर हँडल आपोआप फिरत असेल, तर आतली ब्रेकची स्प्रिंग गेली. हे खरं मशीनचं दुखणं.

तसं असेल तर माझा कौल जुनं मशीन दुरुस्त करण्याला. रॉकेलमध्ये धुवायचं, ढिली रिबीट (पत्रे जोडणारी खिळी) बदलायची, झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंग भरून कानशीने आकार द्यायचा. कारागीर मिळायला हवा आणि दोन-चार दिवस गाडी उभी राहते, पण पत्रा जाड, मापं मूळची. एक सांभाळा: काचेचं वजन पेलणारी गुंडाळी स्प्रिंग ताणलेली असते. बांधल्याशिवाय रिबीट उडवली तर काच उचलणारा आर्म सटकन बोटांवर येतो.

दाते पार गेले असतील तर कुर्ल्याच्या भंगारात किंवा पुण्यात नाना पेठेत जुनं ओरिजिनल शोधा. स्वतःचं मशीन सोबत न्या. डावं-उजवं एकमेकांचं आरशातलं रूप असतं, फोटोवरून हमखास चूक होते. दुकानातच दहा वेळा फिरवून बघा.

नवं डुप्लिकेट मशीन लगेच मिळतं, एवढाच त्याचा गुण. मी मागच्या दाराला बसवलं. पत्रा पातळ, भोकं जुळेनात, शेवटी रेतून बसवलं, आणि काच वरून बोटभर उघडीच राहिली. रोज वापराची गाडी असेल आणि वेळच नसेल तर ठीक.

पॉवर विंडोचा किट खांदा दुखणाऱ्यांसाठी समजू शकतो. पण बॅटरी चार्ज करायला डायनॅमो असलेल्या जुन्या गाडीत, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये हेडलाइट आणि वायपर चालू असताना मोटर लावली की दिवे मंद होतात. वेगळी वायर, रिले आणि फ्यूज हवेतच. शिवाय सुकलेलं फेल्ट तसंच ठेवलं तर मोटरही रडते. बसवलाच तर दाराला नवी भोकं पाडू देऊ नका.

काहीही निवडा, पॅडमागचा प्लास्टिकचा कागद मेकॅनिकला फाडून फेकू देऊ नका. माझ्या दारात तो नव्हता. पॅडचा पुठ्ठा भिजून पापडासारखा फुगला होता, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली होती. ती मी उदबत्तीच्या काडीने मोकळी केली.