कमोडोर ६४ : आज विकत घेताना

१९८२ साली बाजारात आलेला कमोडोर ६४ जुन्या होम कॉम्प्युटरच्या संग्राहकांना आजही हवाहवासा वाटतो, आणि ज्यांना असे पहिलेच यंत्र घ्यायचे आहे त्यांना मीही याचेच नाव सुचवेन. कारण तो अफाट खपल्यामुळे त्याचे सुटे भाग अजून मिळतात. मात्र त्याच्यासोबत येणारा मूळ पॉवर सप्लाय वापरू नये. त्याचे आतले सर्किट इपॉक्सी या घट्ट राळेत गाडलेले असल्याने उष्णता कोंडून राहते, आणि व्होल्टेज स्थिर राखणारा रेग्युलेटर निकामी झाला की ५ व्होल्टऐवजी त्याहून जास्त व्होल्टेज थेट मदरबोर्डवर जाऊन मेमरीच्या चिप जळतात. दिसायला तो कितीही कोरा असो, नव्या बनावटीचा सप्लाय घेण्याचा खर्च किमतीत आधीच धरावा.

'लाल दिवा लागतो' एवढ्यावर बरेच विक्रेते यंत्र चालू असल्याचे सांगतात. त्या दिव्यावरून ५ व्होल्ट आत पोहोचतात एवढेच कळते. त्याऐवजी पडद्याचा फोटो मागावा : निळ्या पडद्यावर '३८९११ बेसिक बाइट्स फ्री' ही ओळ दिसली पाहिजे, आणि कार्ट्रिज (यंत्राच्या खाचेत बसवायची प्रोग्रॅमची डबी) लावलेले नसताना हा आकडा कमी आला तर मेमरीत दोष आहे असे समजावे. तरीही या फोटोवरून ध्वनीची खात्री पटत नाही. बॉब यॅनिस यांनी घडवलेली 'सिड' ही तीन आवाजांची चिप हेच या यंत्राचे खरे वैभव. संगीतकारांकडून तिला वेगळी मागणी असल्याने ती काढून घेतलेली यंत्रेही विकायला येतात, आणि तिच्याविना कॉम्प्युटर बिनबोभाट सुरू होतो. म्हणून एखादा गेम आवाजासह चालवून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये.

कीबोर्ड दणकट आहे. एखादी कळ उमटत नसेल तर बहुधा आतले संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काम भागते. फक्त तो उघडण्यापूर्वी शिफ्ट लॉकच्या दोन तारांचे सोल्डर काढावे लागते, आणि घाईत नेमके हेच विसरले जाते. पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकची मला मुळीच अडचण वाटत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळवण्याच्या खटाटोपापेक्षा तोच वेळ आतली धूळ काढण्यात घालवलेला बरा.

यंत्र पाल की एनटीएससी, म्हणजे टीव्हीच्या चित्रसंकेताच्या या दोन पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीचे, हे मात्र आधी विचारून घ्यावे, कारण एका पद्धतीसाठी लिहिलेले कित्येक गेम दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर नीट चालत नाहीत. १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह सोबत मिळत असेल तर शोभेसाठी जरूर घ्यावा. पण एका बाजूला जेमतेम १७० केबी मावणारा तो ड्राइव्ह इतका संथ आहे की रोजच्या वापराला एसडी कार्डवर चालणारे उपकरणच सोयीचे पडते.